शेवटचा हात

सत्त्याऐंशीची पद्मिनी. रंग एके काळी मोतिया,
आता ज्याला जो वाटेल तो.
इतकी वर्षं तिच्याकडे दोनच काटे होते:
पेट्रोलचा, जो कायम खोटं बोलायचा,
आणि गरमीचा, जो काही बोलायचाच नाही.
त्यावर आमचं भागत होतं.

डिसेंबरात मी द्वारकेहून तीन मीटर आणले,
काळ्या तबकड्या, पांढरे आकडे.
ऑइलचं प्रेशर, बॅटरीचे व्होल्ट,
आणि एक व्हॅक्यूमचा, जो कशाला लागतो
ते दुकानदारालाही धड सांगता आलं नाही.
सव्वीस वर्षं पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त मोजलंय,
आकडा दिसला की मला बरं वाटतं.

रविवारी भाचा आला, निहार.
म्हसरूळच्या पार्किंगमध्ये डॅशखाली मान मुरडून मी,
बॉनेटवर ओणवा तो.
ऑइलच्या सेन्सरला पांढरी टेप गुंडाळली,
नळाला गुंडाळतात तशी, चांगले सात वेढे.
मॅनिफोल्डची नळी कापून मध्ये टी बसवला.
रात्री तबकड्या हिरव्या उजळल्या,
सोसायटीतले दोघं-तिघं वाकून बघून गेले.

सोमवारी सातपूरच्या सिग्नलला ती मेली.
मागे कंपनीच्या बसचा हॉर्न.
चोक ओढला, जागी झाली, हुडहुडी भरल्यासारखी थरथरली,
आणि ऑइलचा काटा
शून्यावर.
लॅबमध्ये असा आकडा आला की
आम्ही नमुना परत मागवतो.
इथे कुणाकडे मागवणार?

मग सगळेच डॉक्टर झाले.
प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर दोनदा धुतला.
शेजारचे गांगुर्डे म्हणाले, इंजिन बसलं,
वजनावर द्या, आत्ता भाव बरा आहे.
रात्री डोळे मिटले तरी काटा दिसायचा.

गुरुवारी दोर बांधून वडाळा नाक्याला नेली.
चहा संपेपर्यंत अय्याज मिस्तरीनं बॉनेटला हात लावला नाही.
मग एवढंच विचारलं,
"बिघडायच्या आधी शेवटचा हात कुठे लागला?"
मी तीन बोटं वर केली.

त्यानं पाना घेतलाच नाही.
हातभर रबरी पाइप घेतला, एक टोक कानात,
दुसरं चालू इंजिनावरून फिरवत राहिला.
टी-जॉइंटपाशी थांबला. पाइप माझ्या कानाला दिला.
शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा
बारीक फुसफुसाट.
"हवा पितेय," म्हणाला, "उपाशीपोटी नुसती हवा."
जॉइंट अंगठ्यानं दाबला आणि इंजिन एका लयीत आलं.
अंगठा काढला, थरथर.
ठेवला, शांत.
दोनदा केलं, मला पटावं म्हणून.

ऑइलच्या काट्याकडे बघून म्हणाला, "अर्थ मिळत नाहीये."
मी क्षणभर भलतंच काही समजले.
त्यानं सेन्सर खोलला, टेप नखानं सोलली.
"लोखंड लोखंडाला भिडायला नको?
तुम्ही मध्ये एवढं पांघरूण घातलंत."
काटा उठला. चाळीस.
सोमवारीही चाळीसच असणार.

मला वाटलं, आता आपणही काही बोलावं.
म्हटलं, "मोजायला गेलं की बिघडतंच बघा.
आमच्या ह्यांना बीपीचं मशीन आणलं,
तेव्हापासून रोज चक्कर."
अय्याज हसला नाही. चिंधीला हात पुसत म्हणाला,
"तसं काही नसतं, ताई.
क्लिप लावायची राहिली होती.
सहा रुपयांची."

येताना द्वारकेला ट्रॅफिक तुंबलेलं.
ऑइल ठीक, व्होल्ट ठीक.
व्हॅक्यूमचा काटा जरासा हलत होता,
तेवढं विचारायचं राहिलं.
बघितलं. मग नाही बघितलं. मग पुन्हा बघितलं.

घरी पोचले तर हे गॅलरीच्या उन्हात खुर्चीवर,
मशीन मांडीवर, चेहरा पडलेला.
म्हणाले, एकशे सत्तर.
दंडाचा पट्टा
स्वेटरवरूनच बांधलेला.