पंचवीसच भर

पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारतो, किती?
मी म्हणते, पंचवीस.
तो हसतो. ताई, पंचवीसात तर
जत्रेतला फुगासुद्धा लाजेल.
सायकल कशी पाहिजे, टणक,
दाबली तर अंगठाच दुखला पाहिजे.
पंचवीसच भर, मी म्हणते,
पण आधी जोरात सोड, एका दमात,
कडा बसू दे.

टायर क्षणभर आळसावतो, मग
ठप्प. ठप्प.
मोडलेल्या बोटांसारखे दोन आवाज,
आणि रबराची कड रिमला धरून गप्प.

आत ट्यूब नाही.
बाबांना हे तीनदा समजावलं.
ट्यूबच नाही, मग फुगतं काय?
हवा, बाबा.
पूर्वीही हवाच होती. मग इतकी वर्षं
ट्यूब कशाला होती?
मला उत्तर आलं नाही.

आत साठ मिली पांढरं औषध आहे,
दिसायला दूध, वास केस काळे करायच्या पुडीचा.
काल रात्री सिरिंजने भरलं.
सिरिंज रक्तपेढीतली नव्हे, विकतची,
कासारे मॅडम, तुमच्या कानावर आलं असेल तर.

भांडुपचं मिठागर, सकाळचे सहा.
हायवेचा आवाज इथवर येतो
पण आल्यावर काय करायचं ते त्याला कळत नाही.
बांधावर शेवाळ, खाली काळा गाळ,
पंचवीस पौंडांचा टायर त्यावर पसरतो,
चिखलाचं ऐकून घेतो,
मग पुढे जातो.
नाल्यापाशी उतरायचं, सायकल खांद्यावर.
मेंढ्याच्या शिंगांसारखं तिचं हँडल
माझ्या कानाशी.
आजारी जनावर न्यावं तशी मी तिला पलीकडे नेते
आणि पलीकडे
वेडी बाभूळ.

फुस्स.
पोटरीवर पांढरे शिंतोडे.
काटा उपटायचा नसतो, मी उपटला.
भोक खाली येईल असं चाक फिरवून
उकिडवी बसले, वाट बघत.

आम्ही रक्ताला वेळ देतो,
काचेच्या नळीत, घड्याळ लावून,
पाच मिनिटं, सात, फार तर दहा.
बाबांचं मार्चपासून त्या हिशेबात बसत नाही.
रोज रात्री अर्धी गोळी.
दाढी करताना जरा लागलं
की तुरटी, कापूस, टॉवेल, मग माझ्या नावाने हाक.
पातळच ठेवायचं, डॉक्टर म्हणतात,
गोठू द्यायचं नाही.
आणि मी इथे गुडघाभर गाळात
एका टायरला म्हणतेय,
गोठ. गोठ ना रे.

इद्रिसभाईंकडे पाण्याचा टब होता,
अर्धा कापलेला निळा पिंप.
ते ट्यूब हाताने सरकवत न्यायचे
आणि बुडबुडे आले की बोट ठेवून म्हणायचे,
हे बघ, इथे.
दहा रुपयांत जखमेचा पत्ता.
आता कोणी दाखवत नाही.
गेल्या दिवाळीत टायर उतरवला
तर आतून अकरा गाठी, वाळलेल्या, रबरी,
एकीत स्टेपलरची पिन.
मला त्यातल्या तीनच आठवत होत्या.
बाकीच्या आठ वेळा मी काय करत होते?
गाणं म्हणत असेन. किंवा कुणावर तरी
चिडलेली असेन मनातल्या मनात.

फुस्स बारीक झालं.
मग फक्त ओलावा, एक पांढरा फेसाळ थेंब,
मग तोही नाही.
अंगठ्याने दाबून पाहिलं. वीस असेल.
वीस घरापर्यंत पुरते.

दारात बाबा. पायांकडे बघून म्हणाले,
पंक्चर झाली?
झाली होती.
कुणी काढली?
कुणीच नाही.
ते बराच वेळ चाक फिरवून बघत राहिले,
चष्मा कपाळावर, हनुवटीला कापूस,
आणि भोक शोधता शोधता
त्यांचा अंगठा पांढरा झाला.