घेणे

जूनो शहरात तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून चिंचोळी खाडी दिसते, तीही ढग उठले तर.
अकरा वर्षं समुद्री प्राण्यांचे परवाने तपासतो,
सीलला अजून हात लागलेला नाही.
लावायचा तर मलाही अर्ज करावा लागेल.

आमच्या कायद्यात एकच क्रियापद: घेणे.
मारलं तर घेतलं. पकडलं तर घेतलं.
होडीचा आवाज ऐकून त्यानं नुसती मान वर केली,
झोपमोड झाली,
तेही घेतलंच.
श्वास घेणं, निरोप घेणं
व्याख्येत बसत नाही.

डॉ. इंगेर टॉर्गरसन यांचा अर्ज:
बेरिंग समुद्रातलं बेट, धुक्यात अर्धं वर्ष हरवलेलं.
फर सीलची पिल्लं. बिल्ला लावायचा साठांना.
रक्त पंधरांचं. मिशीचा एकेक केस, तिसांचा.
आजूबाजूला दचकणारे: चारशे.
चुकून मरणारे: दोन.

मी विचारलं, दोनच का?
त्यांनी कळवलं, शून्य म्हटलं तर खोटं होईल
आणि तीन लिहायला हात धजत नाही.
मी टिप्पणी केली: समर्थन पुरेसं.

मग तीस दिवस हरकती मागवल्या.
एकच आली, सिएटलहून, सातवीतल्या मुलाची.
सीलला विचारलंय का?
उत्तर देणं बंधनकारक असतं.
लिहिलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

नोव्हेंबरात अहवाल आला. कोपऱ्यावर चरबीचा डाग.
अट क्रमांक सहा: परवान्याची प्रत कामाच्या जागी जवळ बाळगावी.
ती इनोकेंतीच्या छातीच्या खिशात असायची,
बाईंचा मदतनीस, त्याच बेटावरचा उनांगन म्हातारा.
कळपात शिरण्याआधी तो ती उलगडायचा,
मोठ्यानं वाचायचा, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत:
ऐका हो, तुमच्या नावाचा कागद आलाय.
‘घेणे’ला त्यानं कोणता शब्द वापरला
ते अहवालात नाही.
त्याच्या आजोबांच्या वेळी सरकारच
कातडी मोजत किनाऱ्यावर उभं असायचं.
तेव्हा रकाना एकच होता.

बिल्ले: एकोणसाठ. रक्त: पंधरा.
दचकले: तीनशे बारा.
मृत्यू: एक.
शेऱ्याच्या चौकोनात मावेना म्हणून मागच्या बाजूला, हातानं:

‘साठावं पिल्लू. वजनाच्या झोळीतच गेलं.
काट्यावर पाच किलो सातशे, तो आकडा मी खोडलेला नाही.
इनोकेंतीनं त्याचं तोंड समुद्राकडे करून ठेवलं.
चौथ्या दिवशी आई खोल पाण्यातून परतली, दुधानं भरलेली.
प्रत्येक पिल्लाला हुंगत, हाका मारत संध्याकाळपर्यंत फिरली.
आम्ही टेकडीवर होतो, ठरवून दिलेल्या अंतरावर, वाऱ्याच्या खाली.
तिला आमचा वास नाही, चाहूल नाही.
म्हणजे नियमानं आम्ही तिला घेतलेलं नाही.
तिला कुठे लिहू, कळवावं.’

मी पुस्तिका काढली. परिशिष्ट क. परिशिष्ट ड.
वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले, जेवण झालं का?
दुपारी चारला अंधार पडला.
तीनशे बाराचे तीनशे तेरा केले, पेन्सिलीनं,
सही केली, पेनानं.
पुढच्या वर्षासाठी वैध.
चुकून मरणारे: दोन.

घरी जाताना धक्क्यावर थांबलो, बुटाची नाडी बांधायला.
खाली पाण्यात काहीतरी फुस्कन फुटलं.
काळं, ओलं डोकं, मिशांवर दिव्याचा पिवळा उजेड.
तो माझ्याकडे बघत राहिला, निवांत.
दचकून मान मी वर केली होती.
त्याच्याजवळ कसलाही कागद नव्हता.