बाईला अकरा चौकटी

शेठनं चित्र दिलं कॅलेंडरातून फाडून,
वर खिळ्याचं भोक तसंच.
म्हणाला, राजेशम, वॉलहँगिंग करायचंय, तीन बाय दोन.
हॉलंडचं आहे. खपेल.

दाजी पेठेत खिडकीपाशी मी आलेखाचा कागद पसरला.
एक बुटकं घर, गवताचं छप्पर डोळ्यांवर ओढून बसलेलं.
चिखलाची वाट. वाकडं झाड. एक कुत्रं.
राजा नाही, देव नाही, लढाई नाही.
एवढ्यासाठी कुणी थंडीत उभं राहिलं असेल?

बाकी सगळं आभाळ,
तीन हिश्श्यांतले दोन.
चार दिवस मी नुसतं आभाळ भरत होतो
आणि बाहेर मे महिन्याचं आमचं,
कोऱ्या मांजरपाटासारखं,
कांजी लावून ताणलेलं, एक सुरकुती नाही.
ढगांना सात करडे लागत होते.
रंगाईवाला यल्लप्पा म्हणाला, करडा म्हणजे कुठला?
राखेचा, उंदराचा, का ओल आलेल्या भिंतीचा?
म्हटलं, दुपारी तीनला दिवा लावावा लागेल, तसला.
तो हसला.
असा आपल्याकडे होत नाही.

मग दारातली बाई. लाल घागरा.
तिला अकरा चौकटी आल्या, चेहऱ्याला एक.
नरसम्मा मांडीवर बिड्यांचं सूप घेऊन वाकली,
हातात काय हो तिच्या?
भिंग धरलं, तर नुसते छपाईचे ठिपके.
घरात चाललीय की बाहेर, तेही कळेना.

शेठ म्हणाला, लाल काढ.
एवढ्याशा बाईला एक अख्खा धोटा वाढतो.
घर तसंही छानच दिसतंय.

खोडली एकदा.
तर कुत्रं कुणाकडे बघतंय तेच समजेना.
रात्री पुन्हा भरली.
दोन्ही काठांना लाल बुंदके टाकले,
शेठला सांगितलं, नक्षी आहे.

पहिला नग मागावरून उतरला
तो नरसम्मानं आधी उलटाच केला,
तिची सवय, कापड मागून बघायची.
मागे घर धड नव्हतं, झाडाचा गुंता झालेला,
बाई तर नव्हतीच.
फक्त लाल धागा, मोकळा,
या काठापासून त्या काठापर्यंत
आभाळाच्या खालून, चिखलाच्या वरून गेलेला.
तंबाखूच्या बोटानं तिनं तो चाचपत नेला शेवटपर्यंत.
म्हणाली,
पाणीच आहे हातात.
बघा की, किती लांबून येतेय.