तासाभराचं परमिट

अकरा वर्षांच्या नोकरीत
लाईट घालवा म्हणून आलेला हा पहिला अर्ज.
शाळेचा शिक्का, खाली भुवड मॅडमची सही:
पौष अमावास्या, रात्री आठ ते नऊ,
मुणग्याच्या सड्यावर आकाशदर्शन, सहकार्य व्हावं.
साहेब हसले. म्हणाले,
रोज फुकट घालवतोस, आज कागदावर घालव.

पथदिव्यांचा स्विच गणपतीपासून जळलेला,
म्हणून सगळी डीपीच पाडली.
तीन डीओ, एकेक करून, काठीने.
एरवी या खटक्यानंतर
चार वाड्यांतून माझ्या आईचा उद्धार होतो.
आज कातळावर टाळ्या वाजल्या.
काठी तशीच हातात धरून
मी मागे वळून बघितलं, कोणासाठी म्हणून.

मग वर.
खांब चढून चढून मान वरच असते माझी,
पण चिनीमाती, जंपर, कावळ्याचं घरटं
याच्यापुढे ती कधी गेली नव्हती.
काजूंच्या माथ्यावर तिकांडं
इतकं जवळ, इतकं जिवंत,
की सवयीने खिशातला टेस्टर चाचपला.

दुर्बिणीपुढे रांग. पोरांची ढकलाढकली.
माझा नंबर आला तेव्हा गुरू होता,
आणि त्याच्या अल्याडपल्याड
तारेवर बसलेल्या वेड्या राघूंसारखे
चार चंद्र, एका ओळीत.
मॅडमनी विचारलं, दिसलं?
मी म्हटलं, सप्लाय कुठून आहे याला?
पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत,
सूर्यावरून, म्हणाल्या.

दाऊदचाचा सोलकर रांगेत आलेच नाहीत.
गडग्यावर बसून आचऱ्याच्या अंगाला बोट करून होते:
तो अगस्ती. त्याच्यावर नाळ धरायची
नि घरी यायचं.
मोतीबिंदूच्या डोळ्याला तो दिसत होता का
कुणास ठाऊक,
बोट मात्र बरोबर होतं.

पश्चिमेला अंधार काही होईना.
क्षितिजावर एलईडीच्या बोटी,
अवसेला तर जास्तच चेकाळलेल्या,
पाण्याला दुपार झाली असं फसवून
मासळी उचलणाऱ्या.
तिकडचे खालचे तारे त्यांनीच गिळलेले.
मॅडम म्हणाल्या, त्या बाजूला बघू नका, डोळे बिघडतात.
पद्मा तारी नेमकी तिकडेच बघत होती.
तीन दिवस रापणीत नुसती जेली.

'मॅडम, ह्यां नळकांडां वायच खाली वाकवा.
त्या बोटीचो नंबर दिसतलो काय?'

मॅडम गडबडल्या. दुर्बीण ताऱ्यांसाठी असते,
आणि यात सगळं उलटं दिसतं हो.

'उलटो तर उलटो, माझो घोव खंय सुलटो आसा!'

नळकांडं वाकलं.
गुरूची रांग मोडली, सगळे इकडे.
वर समुद्र, खाली आभाळ,
मध्ये बोट, वटवाघळासारखी लटकलेली,
दिव्यांच्या माळा लावून.
पद्मा एक डोळा मिटून आकडे सांगत गेली,
मी परमिटाच्या पाठीवर लिहीत गेलो.
एवढा लख्ख उजेड, आणि पाडायला
माझ्या काठीला एकही डीओ नाही.

नऊला पाच कमी. धाकू घाडीचे तीन मिसकॉल,
त्याची मॅच अडकलेली.
नवाला डीओ चढवले.
'आली!' असा गलका झाला वाडीत,
जशी कोणी माहेरवाशीण उतरावी,
आणि वरचे सगळे मुकाट मागे सरले.

रजिस्टरात एक रकाना असतो, खंडित होण्याचं कारण.
वारा, माकड, फांदी असं लिहितो आम्ही.
मी लिहिलं: तारा.
साहेबांना वाटेल, वायर तुटली.

परमिट अजून खिशातच आहे.
पाठीवरचा शेवटचा आकडा
सहा की नऊ, ते काही केल्या ठरत नाही.
पद्मा म्हणते सहा.
कागद फिरवला की मला नऊ.
पुढच्या अवसेला मॅडम पुन्हा अर्ज करणार आहेत.