एकशेदहाची पेटी

पद्मावती कोडम रिक्षातून उतरली तेव्हा
चादरीत गुंडाळलेलं काहीतरी कडेवर होतं,
मूल असावं तसं.
पेटी मागनं आली, रिक्षावाल्याच्या डोक्यावर.
"आत काय दगड भरलेत का ओ?"
दगड नाही, ट्रान्सफॉर्मर.
एक पोटात, दुसरा बाहेरून सुतळीनं बांधलेला,
कारण पेटी एकशेदहाची
आणि गाव दोनशेतीसचं.
मिशनच्या कुणा साहेबानं जाताना विकलेली जोडी,
पगारातनं फेडत आणलेली.

विजापूर वेशीतल्या या दुकानात
मी आता मोबाईलच्या काचा बदलतो.
अब्बांचा व्हॉल्व्हचा डबा मात्र वरच्या फळीवर आहे,
एकेक व्हॉल्व्ह जुन्या उर्दू कागदात,
अंड्यासारखा.

चादर सोडली.
दोघींच्या अंगावर एकच कापड,
राखाडी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं.
गड्ड्याच्या जत्रेला निघालेल्या बहिणींना
एकाच ताग्यातनं शिवलेले परकर जणू.
पुण्याच्या गिऱ्हाइकाला फक्त गिटार हवी आहे.
पेटीचं भाडंच परवडत नाही, म्हणाला.
फोटोतनं तिला कापूनही टाकलंय त्यानं,
काठावर एक बटण तेवढं राहिलंय.

"नायना मिलमध्ये, विणकर खात्यात.
चार माग बघायचे."
दिवसभर धोटा इकडून तिकडं,
तिकडून इकडं,
मधे थांबायला जागा नाही.
रात्री भूमय्या कोडम मांडीवर सहा तारांची ताणी घेऊन बसायचे.
हातात लोखंडाचा दांडा,
मागाच्या शाफ्टचाच तुकडा, टर्नरकडनं घासून घेतलेला.
तो तारेवर टेकवायचे
आणि न्यायचे, सावकाश,
एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत,
मधलं काहीही न वगळता.

मी पेटीची पाठ उघडली.
धूळ, झुरळाचं एक पंख, कापसाचे तंतू
(कापूस या गावात कशातही सापडतो),
आणि लाकडावर निळ्या खडूनं, तेलुगू वळणाच्या मराठीत,
तिसरी तार = भोंगा.

दोन कपॅसिटर बदलले. एक व्हॉल्व्ह अब्बांच्या डब्यातला.
बटण दाबलं.
आधी काहीच नाही.
मग काचेच्या आत बारीक नारिंगी,
उदबत्तीच्या टोकाएवढं,
आणि मग घूं,
जेवून आडव्या झालेल्या माणसाच्या श्वासासारखं.
वाजवता मला येत नाही.
तिसऱ्या तारेवर दांडा ठेवून खालून वर ओढला, एवढंच.

समोर चहाच्या गाड्यावर
यल्लव्वा कप विसळत होती. हात थांबला.
तिनं आधी आकाशाकडं बघितलं,
मग मनगटाकडं, जिथं घड्याळ कधीच नव्हतं.
"दुसरी पाळी?" तिनं कुणालाच विचारलं.
मिल बंद होऊन किती वर्षं झाली
ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

पद्मावती हसली नाही.
"त्या मांडीवर मला कधी जागा नव्हती, नदाफभाई.
तिथं ही झोपायची.
मी पेटीला पाठ लावून बसायची.
थंडीत गरम लागायची ओ. झोप यायची.
नायना उचलून आत न्यायचे तेव्हा
पाठीवर जाळीचे चौकोन उठलेले असायचे."

मी म्हटलं, जोडी मोडू नका. किंमत जोडीला असते.
अब्बा असते तर हेच म्हणाले असते.
ती म्हणाली, "गिटार जाऊ द्या.
पुण्यात वाजेल तरी."
चादर मात्र गिटारलाच गुंडाळली, दोनदा घडी करून,
आणि टोकं आत खोचली.

"मग पेटीला लावणार काय?"
"लावायचं कशाला?"

बाहेर त्रेचाळीस. डांबर चपलेला चिकटत होतं.
रिक्षा येईपर्यंत ती जमिनीवर बसली,
चालू पेटीला पाठ टेकून,
साठीची बाई, पाय लांब करून,
पदरानं वारा घेत.
मी पंखा तिच्याकडं वळवला.
तिनं हातानंच सांगितलं,
नको.