अंगठा बाहेर

गावाचं नाव मर्सेडेस,
पण आमच्या संग्रहालयात मर्सिडीज एकही नाही.
मोंतेविदेओहून आलेला प्रत्येक पाहुणा हा विनोद करतो
आणि मी प्रत्येक वेळी हसते.
तिकिटात ते धरलेलं आहे.

अकरा गाड्या. लोकरीचं जुनं गोदाम.
नदीवरून दमट हवा आली की
भिंतींना अजून मेंढीचा वास सुटतो.
प्रत्येक गाडीखाली एक पसरट ताट,
कारण म्हाताऱ्या गाड्या गळतात.
सकाळी आल्या आल्या मी ताटं बघत जाते:
स्टुडबेकर, चमचाभर.
शेवरोले, नेहमीचं.
हडसन, काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे काळजी.
तेल संपलं तरच ती गळायची थांबते.

सातव्या नंबरची फोर्ड, सत्तावीस सालची,
एल्बिओ इरासाबालची.
पाटीवर लिहिलंय 'देणगी'.
कसली देणगी!
चार गायी, एक पाण्याचा पंप आणि वर थोडी रोकड,
असा तो व्यवहार झाला
माझ्या सासऱ्यांच्या सहीनं
आणि त्याच्या अंगठ्यानं.
ठसा कागदावर वाकडा उमटलाय, घेवड्याच्या दाण्यासारखा,
कारण अंगठाच वाकडा:
एकसष्टच्या जुलैत, कडाक्याच्या थंडीत,
इंजिनानं हँडल उलटं फिरवलं
आणि हाड दोन ठिकाणी मोडलं.
"आधी तिनं मला अंगठा दाखवला," तो म्हणायचा,
"मग मी तुम्हाला."

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी
तो सायकलवरून यायचा, काखेत थर्मास दाबून,
विकलेली गाडी चालू करायला.
करारात असं काही नव्हतं.
बोलावलंही नव्हतं कुणी.
"उभी गाडी आतून कुजते," एवढंच.
स्पार्कची दांडी वर,
पेट्रोलची थोडी खाली,
चोकची तार ओढून दोन संथ फेरे,
मग बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटणं,
जे मला कधीच नीट ऐकू आलं नाही,
आणि एक झटका, खालून वर.
खोकला. धूर. चार सिलिंडरांची कुरबुर.
छपरातली कबुतरं दरवाजाकडे पळत सुटायची.

पहिल्यांदा हँडल माझ्या हातात दिलं
तेव्हा माझी मूठ बघून ओरडला:
अंगठा बाहेर, निबिया!
दांड्याला वेटोळं घालायचं नाही.
चार बोटं ज्या बाजूला, अंगठाही त्याच बाजूला.
ती उलटली तर हात सुटला पाहिजे.
धरलंय असं तिला वाटू द्यायचं,
धरायचं नाही.

मी तेव्हा एका लग्नातून निघायच्या बेतात होते.
त्याला ते ठाऊक नव्हतं.
असेलही.
शेवटी नवराच गेला, सॅल्तोला, एका दाताच्या डॉक्टरणीकडे,
आणि अकरा गाड्या, अकरा ताटं माझ्याकडे राहिली.

मार्चमध्ये एल्बिओला त्याच्या मुलीनं
फ्राय बेंतोसला नेलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
सायकल इथेच आहे, हडसनच्या मागे.
कुणीतरी विचारलं, हीसुद्धा प्रदर्शनात आहे का?
मी हो म्हणाले. पाटी अजून लिहायची आहे.

आता शेवटच्या रविवारी मी हँडल मारते
आणि मोबाइल बॉनेटपाशी धरते.
तो बराच वेळ ऐकतो.
कधी म्हणतो, थंड आहे अजून.
परवा म्हणाला, तिसरा चुकतोय.
प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट.
शंभराएक मीटरवरचं नीट दिसत नाही त्याला,
आणि तीस किलोमीटरवरून हे.

"अंगठा?" तो विचारतो.
"बाहेर," मी सांगते.
मग दोघंही बोलत नाही.
दारात शाळेची सहल उभी असते,
बाईंनी पोरांना नाक दाबायला सांगितलेलं असतं,
पेट्रोल पुन्हा महागलेलं असतं.
मी गाडी बंद करत नाही.