तहकूब सभा

नोटीस मीच टाईप केली :
वेळ सकाळी अकरा. स्थळ : संस्थेचे कार्यालय,
मिल गेटसमोर, नागपूर.

गेट नाही आता. मिलही नाही.
समोर मेट्रोचा खांब, खांबावर कोचिंग क्लासची जाहिरात,
आणि सूतखातं होतं त्या जागी
मोटारी उभ्या करायची चार मजली सोय.
तरी पोस्टमन पाकीट बरोबर आणून देतो;
त्याच्या आधीच्यानं त्याला जागा दाखवून ठेवली होती.

उपविधी सांगतो : गणपूर्ती
एकूण सभासदांच्या एक पंचमांश किंवा पंचवीस,
यांपैकी जी संख्या कमी असेल ती.
रजिस्टरात सभासद सहाशे बारा.
म्हणून पंचवीस खुर्च्या, मंडपवाल्याकडून, सात रुपये नग.
आले सात जण.

अकरा वाजता पैकूजी निमजे उभे राहिले,
अध्यक्ष, माजी जॉबर,
लूमच्या आवाजावर चढवून कमावलेला गळा :
गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब!
रस्त्यावरचा संत्रेवाला दचकून वर बघतो.
सातही जण असेच बोलतात,
मधे दीडशे माग चालू असल्यासारखे.

अर्ध्या तासानंतरच्या सभेला गणपूर्ती लागत नाही.
तोवर बसायचं.
कूलरमधला वाळा सुकलाय, पंखा फिरतोय तेवढंच.

पहिल्या वर्षी मी हुशारी केली होती.
सगळं रजिस्टर कॉम्प्युटरवर घेतलं,
घरोघर विचारून एक रकाना भरला : मयत.
पाचशे सत्त्याहत्तर.
उरले पस्तीस. पस्तिसाचा पाचवा हिस्सा सात.
म्हटलं, काका, ही नावं कमी केली
तर सभा अकरालाच पूर्ण होते, तहकुबी नको,
अठरा खुर्च्यांचं भाडं वाचतं.
पैकूजींनी कागद दूर धरून वाचला, मग जवळ धरून.
“हिशोब बराबर हाय पोरी तुया.
पन नाव कमी कराले अर्ज लागते मयताचा.”
“मयताचा?”
“वारसाचा म्हन.”

तेव्हापासून विषय क्रमांक सहा :
मयत सभासदांची नावे कमी करणे.
अनसूयाबाई गजभिये, रीलिंग खातं, दर वर्षी एकच विचारतात,
“काहून? तेयचं काही खाऊन रायले का ते?”
खरं तर आपणच त्यांना देतो.
दहा रुपयांच्या भागावर लाभांश ऐंशी पैसे,
पाचशे सत्त्याहत्तर खात्यांत, मी स्वतः चढवते,
कोणी मागायला येत नाही.

करीमुल्ला अन्सारींचं कारण वेगळं.
“त्या खुर्चीत बुचे बसे. दोनशे उचलले सायकलीसाठी,
जामीनदार मी. बुडवले सायानं.
आता नाव काढता? मंग मी भांडू कोनासंग?”
खुर्चीकडे हात करून बोलतात,
आणि खरोखर थोडे रागावतात.

वरून मेट्रो जाते. चहा येतो.
मी सात सांगितले होते, पोरगा नऊ ठेवून गेला.
परत न्यायला कोणी सांगितलं नाही.

साडेअकरा. मी प्रोसिडिंगमध्ये लिहिते :
तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सुरू झाली.
‘त्याच ठिकाणी’ हे छापीलच असतं, खोडता येत नाही.
मागचं इतिवृत्त कायम. ताळेबंद मंजूर.
विषय सहा पुढील सभेपर्यंत तहकूब.
सूचक : अन्सारी. अनुमोदक : सौ. गजभिये.
मी ‘सौ.’ लिहिलं; त्यांनी वाचलं, काही बोलल्या नाहीत.
यजमान मयतांच्या रकान्यात आहेत, एकशे चाळीस नंबरला.

बारा वाजता पैकूजी घड्याळाकडे न बघता उठतात,
जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याला.
मंडपवाल्याचा पोरगा खुर्च्या एकात एक घालतो.
बुचेंची ओढताना करीमुल्ला ओरडतात,
“हळू बे!”
तो मोजतो. पंचवीस. सही घेतो माझी.